महारेराची साईट आणि इंडेक्स टू: टोकन देण्याआधी हे दोन्ही बघा, आम्ही नंतर बघितलं

ठाण्यात घर शोधताय त्यांच्यासाठी लिहितेय. लांबलचक झालंय पण वाचा, कारण आम्ही सगळं उलट्या क्रमाने केलं, आधी एक लाखाचा टोकनचा चेक दिला आणि मग साईट उघडली. तुम्ही आधी साईट उघडा. महारेरा म्हणजे रेरा कायद्याखाली बिल्डरांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, आणि इंडेक्स टू म्हणजे नोंदवलेल्या घरव्यवहाराचा सरकारी सारांश, त्यात खरा भाव दिसतो. दोन्ही सेवा सरकारी आहेत, बघायला पैसे पडत नाहीत, घरी बसून होतं, आणि तरी आमच्या ओळखीत ज्यांनी ज्यांनी घर घेतलंय त्यातल्या एकानेही इंडेक्स टू स्वतः काढून बघितलेलं नव्हतं. बँकेचा वकील बघतो की, असंच सगळे म्हणाले. अहो पण तो बँकेचे पैसे सुरक्षित आहेत का ते बघतो, तुम्हाला घर महाग पडतंय का ते तो कशाला बघेल?

आमचं थोडक्यात सांगते. मानपाड्याला सात वर्षं भाड्याने राहतोय, वन बीएचके, मी, नवरा, दुसरीतली मुलगी आणि सासूबाई. अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, दरवेळी भाडं थोडं वाढतंच, १९ हजारावर आलो होतो आता २८ देतोय. घर घ्यायचं कधीपासूनच चाललंय. २०२० मध्ये सप्टेंबर ते डिसेंबर सरकारने स्टॅम्प ड्युटी तीन टक्क्यांनी कमी केली होती, तेव्हा घ्यायला हवं होतं, पण तेव्हा नवऱ्याच्या कंपनीत निम्मा पगार चालू होता आणि उद्या नोकरी राहील की नाही माहीत नव्हतं, कुठल्या तोंडाने लोन काढणार. ते दिवस आठवले की अजून वाईट वाटतं, पण तेव्हा जे सुचलं ते केलं.

यंदा ठरवलंच. घोडबंदर रोडला होर्डिंग बघितलं, टू बीएचके ८९ लाखांपासून, वर एक छोटीशी चांदणी, म्हणजे अटी लागू. बिल्डरचं नाव लिहीत नाही आणि कृपया विचारूही नका, कारण मला त्या एका बिल्डरबद्दल बोलायचं नाहीये, आम्ही एकूण सहा साईट बघितल्या आणि भाषा सगळीकडे थोड्याफार फरकाने तीच होती.

सॅम्पल फ्लॅट बघून मुलगी हरखून गेली, नवरा पण. आईंनी मात्र (सासूबाईंना मी आईच म्हणते) आत गेल्या गेल्या किचन गाठलं आणि ओटा वितेने मोजला. नऊ वीत. आमच्या भाड्याच्या घरात अकरा आहे. म्हणाल्या, "चालवून घेऊ गं, मिक्सर फ्रीजवर ठेवू." त्यांना घर हवं होतं, आमच्यापेक्षा जास्त हवं होतं, चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत आयुष्य काढलेली बाई आहे ती. त्या एका वाक्यावर आमचा निर्णय झाला म्हटलं तरी चालेल. सेल्सच्या मुलाने सांगितलं मॅडम साडेआठशेचा फ्लॅट आहे, फक्त चार युनिट राहिलीत, आज टोकन दिलं तर हा रेट होल्ड करतो, सोमवारी शंभर रुपयांनी वाढतोय, दिवाळी २०२७ ला चावी. चेक फाडला. पावतीवर फक्त फ्लॅट नंबर आणि रक्कम.

घरी आल्यावर रात्री कॉस्ट शीट नीट वाचली. ८९ लाख मूळ किंमत, चौदावा मजला म्हणून फ्लोअर राईज २ लाख, पार्किंग ५ लाख, डेव्हलपमेंट चार्जेस २ लाख, झाले ९८. त्यावर ठाण्यात स्टॅम्प ड्युटी ७ टक्के म्हणजे ६ लाख ८६ हजार, रजिस्ट्रेशनचे ३० हजार, बांधकाम चालू आहे म्हणून जीएसटी ५ टक्के म्हणजे ४ लाख ९० हजार, दोन वर्षांचा मेन्टेनन्स आगाऊ आणि सोसायटी, लीगल वगैरे धरून १ लाख ६९ हजार. एकूण १ कोटी ११ लाख ७५ हजार. ८९ वरून इथे. नवरा दोनदा बेरीज करून बघत होता.

लोनचं गणित अजून वेगळं. स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन बँक घराच्या किमतीत धरत नाही, आणि रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की ३० ते ७५ लाखांपर्यंतचं कर्ज घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत, त्याच्या वर गेलं की ७५ टक्केच. म्हणजे आम्हाला जास्तीत जास्त ७५ लाख. उरलेले पावणेसदतीस लाख आपले आपण उभे करायचे. आमच्याकडे एफडी, पीएफमधून काढता येतील ते आणि दिराने देऊ केलेले, सगळं मिळून २४ होत होते. आई आत जाऊन पाटल्या घेऊन आल्या आणि टेबलावर ठेवल्या, मी परत आत नेऊन ठेवल्या. ७५ लाखाला ८ टक्क्यांनी २० वर्षं हप्ता बसतो ६२ हजार ७३३. दोघांचा हातात येणारा पगार १ लाख १५ हजार. आणि चावी मिळेपर्यंत २८ हजार भाडं चालूच, कारण बिल्डिंग बरीच वर आलेली होती, बँक बहुतेक पैसे लगेच सोडणार आणि हप्ता जवळपास पूर्णच सुरू होणार. वीस वर्षांत ७५ लाखाचे दीड कोटी फेडायचे. आणि तो ८ टक्के कायम राहील याची खात्री नाही, मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो रेट (ज्यावर लोनचं व्याज हलतं) ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला तेव्हा दिराचा हप्ता बँकेने तेवढाच ठेवला आणि मुदत वाढवली, त्याचं लोन आता रिटायरमेंटच्या पुढे गेलंय.

झोप येईना म्हणून महारेराची साईट उघडली, रात्री साडेअकराला.

महारेरा २०१७ च्या मे पासून आहे. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठा प्लॉट किंवा आठपेक्षा जास्त फ्लॅट असले की प्रोजेक्टची नोंदणी झाल्याशिवाय बिल्डर जाहिरातसुद्धा करू शकत नाही. प्रत्येक प्रोजेक्टला नंबर असतो, ठाणे जिल्ह्यातल्या जुन्या नोंदण्यांचा पी ५१७ ने सुरू होतो, पनवेल उलवे साईडला बघत असाल तर रायगड म्हणजे पी ५२०. नंबर शोधायची पण गरज नाही, १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड द्यावाच लागतो, ब्रोशरच्या कोपऱ्यात असतो, मोबाईल धरला की थेट प्रोजेक्टच्या पानावर जातो. आमच्या ब्रोशरवर होता. आठवडाभर ते ब्रोशर फ्रीजवर चिकटवलेलं होतं आणि आम्ही कोणीही कोड स्कॅन केला नव्हता.

पहिली गोष्ट कार्पेट, म्हणजे घराच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा. आमच्या टाईपचा फ्लॅट ५३.४० चौरस मीटर, गुणिले १०.७६४ केलं की ५७५ चौरस फूट. साडेआठशे कुठेच नाही. आता ९८ लाख भागिले ५७५ करा, १७ हजार रुपये फूट. सगळे खर्च धरून १९ हजार ४००. आम्हाला तोंडी साडेदहा हजाराचा रेट सांगितला होता आणि आम्ही वर्तकनगरच्या जुन्या बिल्डिंगशी त्याची तुलना करून स्वस्त आहे म्हणत होतो! मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय, कोणी कितीही फूट सांगो, महारेरावरचा कार्पेट घ्या आणि शेवटच्या एकूण आकड्याला त्याने भागा, तो तुमचा खरा भाव. बाकी सगळे भाव विसरा. त्याशिवाय नवीन आणि रीसेल, कासारवडवली आणि कळवा यांची तुलना होऊच शकत नाही.

दुसरी गोष्ट तारीख. प्रकल्प पूर्ण होण्याची तारीख ३१ डिसेंबर २०२९. दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं तर तो मुलगा म्हणाला मॅडम ती रेरा डेट आहे, आमची बिल्डर डेट वेगळी, आम्ही लवकर देतो. देतही असतील. पण उशीर झाला तर व्याज मागताना अ‍ॅग्रीमेंटमधली तारीखच बघतात, आणि अ‍ॅग्रीमेंटमध्ये कुठली तारीख टाकणार विचारलं तर २०२९ चीच. दोन वर्षांचं भाडं ६ लाख ७२ हजार होतं, हे कुठल्या कॉस्ट शीटमध्ये धरायचं?

तिसरी, किती फ्लॅट बुक झालेत ते दिसतं. आमच्या विंगमध्ये १२४ पैकी ६१. म्हणजे "फक्त चार राहिलीत" म्हणून आम्ही ज्या घाईने चेक फाडला त्या घाईला काही आधारच नव्हता. ही माहिती बिल्डरनेच भरलेली असते, दर तीन महिन्यांनी भरावी लागते, त्यामुळे थोडी मागेपुढे असू शकते, पण चार आणि त्रेसष्ट यात फरक केवढा.

मग मंजूर प्लॅनची पीडीएफ उघडली. तिथे प्रत्येक खोलीची मापं मीटरमध्ये असतात. किचनची ओट्याची बाजू १.६५ मीटर. आई जाग्याच होत्या, त्यांना म्हटलं जरा वीत दाखवा, टेपने मोजली, आठ इंच. १.६५ मीटर म्हणजे ६५ इंच. आठ वीत आणि वर एक बोट. सॅम्पल फ्लॅटमध्ये नऊ वीत होती. सॅम्पलच्या भिंती प्लायच्या पातळ, खोल्यांना दारं नाहीत, त्यामुळे आतून मोठं वाटतं हे ऐकून होते, पण आमच्या घरच्या वितेने मोजून समोर आलं तेव्हा कसंतरीच झालं. आई एवढंच म्हणाल्या, "एक वीत म्हणजे अख्खा मिक्सर गेला की गं."

कायदेशीर कागद पण तिथेच असतात, जमिनीचा टायटल रिपोर्ट म्हणजे मालकीचा अहवाल, कमेन्समेंट सर्टिफिकेट म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी, जमिनीवर बोजा किती, कोर्टात काही चालू आहे का. आमच्या प्रोजेक्टवर केस काही नव्हती, हे पण सांगायला हवं. सगळंच खोटं नव्हतं, जमीन स्वच्छ होती, काम चालू होतं. ज्यांचं बजेट आहे त्यांनी तिथे घर घेतलं तर मी नको म्हणणार नाही, फक्त खरा आकडा माहीत असताना घ्या.

पैसे परत मिळवताना पण हीच साईट कामाला आली. त्यांनी २१ दिवसांत २० लाख भरायला सांगितले होते, मग अ‍ॅग्रीमेंट. रेरा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय १० टक्क्यांच्या वर एक रुपया घेता येत नाही. आणि महारेराने अलॉटमेंट लेटरचा नमुना ठरवून दिलाय, त्यात बुकिंग १५ दिवसांच्या आत रद्द केलं तर काहीच कापायचं नाही असं आहे, पुढे मग १ टक्का, दीड, दोन असं वाढत जातं. आम्ही अकराव्या दिवशी ईमेल टाकला. आधी टोकन नॉन रिफंडेबल असतं म्हणाले, मग नवीन गिऱ्हाईक आणून द्या म्हणाले, मग साहेब बाहेरगावी. मी प्रत्येक वेळी फोन ठेवला की त्याच ईमेलखाली बोलणं लिहून पाठवत राहिले आणि शेवटी महारेराकडे तक्रार करतोय असं नियमासकट लिहिलं. सात आठवड्यांनी एक लाख पूर्ण परत आले. सगळं फोनवर बोलत बसलो असतो तर आले नसते असं मला ठाम वाटतं.

आता इंडेक्स टू. महारेरा भाव सांगत नाही, भाव ठरवण्याचा अधिकारही त्यांना नाही, बिल्डर वाट्टेल तो भाव लावू शकतो. खरा भाव कळतो नोंदणी विभागाच्या, आयजीआर महाराष्ट्रच्या साईटवर. तिथे फ्री सर्च आहे, जिल्हा, गाव आणि सर्व्हे नंबर टाकला की त्या जमिनीवर नोंदवलेले दस्त दिसतात आणि प्रत्येकाचं सूची क्रमांक २ उघडतं, तेच इंडेक्स टू. गाव टाकताना घोडबंदर रोड टाकलं तर काही मिळणार नाही, रेकॉर्डला जुनी गावं आहेत, कावेसर, वडवली, ओवळे, कोलशेत, चितळसर मानपाडे. बरोबर गाव आणि सर्व्हे नंबर कुठून आणायचा? महारेराच्या पानावरून, टायटल रिपोर्टच्या पहिल्याच पानावर असतो. म्हणून म्हणते दोन्ही जोडीने वापरा.

इंडेक्स टू सगळं मराठीत असतं, विलेखाचा प्रकार, मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ, तारीख. मोबदला म्हणजे प्रत्यक्ष व्यवहाराची रक्कम, बाजारभाव म्हणजे रेडी रेकनरप्रमाणे सरकारी किंमत, आणि स्टॅम्प ड्युटी दोन्हीत जो जास्त त्यावर लागते. आमच्याच विंगमधल्या ५३.४० मीटरच्या फ्लॅटचे दस्त मी एका वहीत उतरवून काढले. सुरुवातीचा २०२२ चा ६९ लाख. २०२४ चा ८० लाख. आणि आम्ही टोकन दिलं त्याच महिन्यात, आमच्यापेक्षा वरच्या मजल्याचा, ९१ लाख ५० हजार. आमच्याकडे ९८ मागत होते आणि हा शेवटचा भाव म्हणत होते. साडेसहा लाख, नुसतं विचारायचं माहीत नव्हतं म्हणून. घासाघीस करायची असेल तर हा एक कागद प्रिंट करून न्या.

आणि तीच वही बघून वाईट पण वाटलं. ६९ चे तीन वर्षांत ९१. माझा पगार तेवढ्या काळात २०१९ ला होता त्याच्या आसपास येऊन पोचला इतकंच. भाव का वाढतायत हे दिसतंच आहे, मेट्रो ४ ची गायमुखकडच्या टप्प्यावर सप्टेंबर २०२५ मध्ये चाचणी झाली, ठाणे बोरिवली बोगदा होतोय, २९ किलोमीटरची ठाण्यातली गोल मेट्रो केंद्राने मंजूर केलीय, आणि मुंबईत ज्यांना परवडत नाही ते सगळे इकडे येतायत. १ एप्रिल २०२५ ला रेडी रेकनरही वाढलं, दोन वर्षं तसंच ठेवलं होतं. पण जी मेट्रो अजून घरून निघून पकडता येत नाही तिचे पैसे ग्राहक आज भरतोय, आणि इथे वाढलेल्या, इथेच नोकरी करणाऱ्या माणसाला ठाण्यात घर मिळू नये याचा मला खरंच त्रास होतो. मुलीची शाळा, आईंचा डॉक्टर, नवऱ्याचं वागळे इस्टेट, सगळं इथे. टिटवाळ्याला मिळेल की म्हणतात लोक. मिळेल, पण मग मुलगी शाळेतून आल्यावर घरी कोण असेल?

या साईट काय सांगत नाहीत तेही लिहिते, मुख्य म्हणजे पाणी. घोडबंदरला टँकर किती ठिकाणी लागतो हे ठाणेकरांना सांगायला नको, आणि टँकरचा खर्च मेन्टेनन्समध्येच येतो. महारेरावर हे कुठे मिळणार नाही. शेजारच्या राहत्या सोसायटीच्या गेटवर जाऊन उभं राहायचं, इस्त्रीवाल्याला विचारायचं, त्याला सगळं माहीत असतं. उन्हाळ्यात जा, पावसाळ्यात विचारून उपयोग नाही.

पाचपैकी महारेराला साडेचार आणि इंडेक्स टूला पाच देईन. अर्धा कमी एवढ्यासाठी की मंजूर प्लॅन, टायटल रिपोर्ट हे आपल्यासारख्याला एकट्याने वाचून पूर्ण कळेल असं नाही, आम्ही नंतर ओळखीतल्या वकिलाला दोन हजार देऊन समजून घेतलं, ते पैसे वसूल झाले.

सध्या वर्तकनगरला एक रीसेल बघतोय, चौथा मजला, ४३० कार्पेट, मोठा वन बीएचके. ओसी म्हणजे राहायला परवानगीचा दाखला आहे, रीसेल म्हणून जीएसटी नाही. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट मिळते, नवऱ्याचं नाव जोडलं की जाते, म्हणून माझ्या आणि आईंच्या नावावर घ्यायचं चाललंय. त्याच बिल्डिंगमधली गेल्या दोन वर्षांतली तीन इंडेक्स टू आधीच काढून ठेवलीत, मालक मागतोय त्यापेक्षा चार लाख खाली. सेक्रेटरींना कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर, झालंय का विचारलं, झालंय, कागद दाखवतो म्हणाले. आईंनी ओटा मोजला, दहा वीत. आता रविवारी परत जातोय, पाणी सोडायच्या वेळेला, सकाळी साडेसहाला.